चांदीची काठी

यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टींत कांहीं दिवस श्रीगोंद्यास बहिणीच्या घरीं राहण्याचा योग आला. इतिहासाच्या अभ्यासकास या गांवाचें आकर्षण वाटावें अशीं कारणें पुष्कळ आहेत. शिंद्यांचा वाडा येथें. मुसलमान कुळांत जन्मून वारकऱ्यांच्या संतमालिकेंत मानाचें स्थान मिळविणाऱ्या शेख महंमदांची समाधि येथें. आणि तालुक्यांतच भीमेच्या कांठीं पेडगांवचा तो बहादूरगड, ज्याचें नांव निघतांच १६८९ सालची संभाजीमहाराजांची विटंबना आठवून मराठी मन आजहि कष्टी होतें. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय यांपैकी कोणताच नाहीं. विषय आहे गोल्फ नांवाच्या खेळाचा. आणि तो श्रीगोंद्याच्या एका ओट्यावर कसा निघाला, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

संध्याकाळची वेळ होती. समोरच्या मोकळ्या जागेंत आळींतील पोरें गोट्या खेळत होतीं व शिरस्त्याप्रमाणें भांडतहि होतीं. आमचा भाचा पुण्यास एका कारखान्यांत इंजिनियर आहे. तो दोन दिवसांसाठीं घरीं आला होता. त्याच्या कॉलेजांतील पंधरा-सोळा सोबती दरवर्षीं एका ठराविक रविवारीं जमतात आणि आपसांत गोल्फची स्पर्धा खेळतात. बक्षीस म्हणजे पितळेचा एक लहानसा पेला. विजेत्याचें नांव त्यावर कोरावयाचें आणि वर्षभर तो त्याच्या घरीं ठेवावयाचा, एवढाच त्याचा महिमा. पण तेवढ्यासाठीं हीं चाळिशीकडे झुकलेलीं माणसें महिनाभर आधींपासून पहाटे उठून सराव करतात, असें त्यानें मोठ्या गांभीर्यानें सांगितलें.

यंदा तो पेला भाच्याच्या हातीं येतां येतां राहिला. अखेरच्या टप्प्यापूर्वीं त्याचा चेंडू एका बाभळीखालच्या वाळलेल्या गवतांत जाऊन पडला होता. सोबती दूर, आपापल्या चेंडूंच्या शोधांत गुंतलेले. यानें काठी चेंडूमागें टेकविली, तोंच चेंडू बोटभर सरकला. नियमाप्रमाणें अशा वेळीं आपल्या नांवावर एक टोला अधिक धरावा लागतो. त्यानें तो धरला, चेंडू पूर्वींच्या जागीं ठेवला आणि खेळ पुरा केला. दिवसाच्या शेवटीं हिशेब झाला तेव्हां तो बरोबर एका टोल्यानें मागें पडला होता. बरोबरी झाली असती तर जादा डाव होऊन पेला मिळण्याचा संभव होता, तीहि गेली.

"कोणीं म्हणजे कोणीं पाहिलें नव्हतें, मामा," तो म्हणाला. "घरीं सांगितलें तर सगळीं हंसलीं. तुम्ही जन्मभर इतिहास शिकवीत आलां आहां. मला एवढेंच सांगा, हें असलें खूळ या खेळांत आलें कोठून?"

समोर पोरांचा तंटा रंगात आला होता. दहा साक्षीदार डोळ्यांत तेल घालून उभे असतांहि एका गोटीचा निकाल लागत नव्हता. आम्ही भाच्यास म्हणालों, "अरे, उत्तर आहे, पण तें लांबलचक आहे." त्या रात्रीं जें तोंडीं सांगितलें तेंच थोडें नीट मांडून येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ज्यांनीं हा खेळ पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. गोट्या खेळतांना मुलें जमिनींत लहानसा खळगा करतात, त्याला गल म्हणतात. गोल्फ म्हणजे विस्तीर्ण मैदानावर शेंकडों पावलांच्या अंतरानें अशा गली करून, काठीच्या टोल्यांनीं लहानसा कठीण चेंडू एका गलींतून दुसरीपर्यंत नेणें. ज्याला सर्व गली पुऱ्या करण्यास सर्वांत कमी टोले लागतील तो जिंकला. पूर्वीं निरनिराळ्या गांवीं गलींची संख्या निरनिराळी असे. सेंट अँड्रूज येथें १७६४ सालीं फेरीच्या बावीस गलींच्या अठरा केल्या, आणि पुढें हाच आंकडा जगभर रूढ झाला. या खेळाची खरी खूण मात्र दुसरीच आहे. क्रिकेटला पंच लागतो, कुस्तीला पंच लागतो. गोल्फमध्यें प्रत्येकाचा चेंडू वेगळा, वाट वेगळी, आणि बहुतेक वेळां शेजारीं कोणी नसतें. म्हणून येथें खेळणारा तोच पंच, आणि हिशेबनीसहि तोच.

मित्रामित्रांच्या स्पर्धेंत आणखीहि एक सोय असते. आपल्याकडे जत्रेच्या फडांत कुस्त्या नेमतांना वजन, वय, तालीम पाहून जोड लावतात. बलाढ्य पहिलवानापुढें पोर उभें करीत नाहींत. गोल्फमध्यें जोड न लावतां टोल्यांची सूट देतात. कच्च्या गड्याच्या एकंदर टोल्यांतून ठराविक टोले वजा करावयाचे, म्हणजे तो पक्क्या गड्याशीं बरोबरीनें झुंजूं शकतो. यालाच हॅंडिकॅप म्हणतात. हा शब्द टोपींत हात घालून खेळण्याच्या एका जुन्या इंग्रजी सोद्यावरून आला. पण ही सूट ठरते ती गड्यानें स्वतः सांगितलेल्या पूर्वींच्या हिशेबांवरून. तात्पर्य, जेथें पाहावें तेथें सारा व्यवहार माणसाच्या शब्दावर उभा.

अशी ही व्यवस्था कोणा साधुपुरुषानें उपदेशिलेली नाहीं. स्कॉटलंडांत हा खेळ फार जुना. दुसरा जेम्स राजा असतांना तेथील पार्लमेंटानें १४५७ सालीं फुटबॉल व गोल्फ या दोन्ही खेळांस बंदी केली, कारण लोक धनुष्यबाणाचा सराव टाकून यांच्या नादीं लागले होते. बंदीनें खेळ थांबला नाहीं. कोणत्याच देशांत तो तसा थांबत नाहीं. अठराव्या शतकांत एडिंबरोचे कांहीं प्रतिष्ठित गृहस्थ शहराजवळच्या लीथ बंदरापाशीं गांवच्या कुरणावर खेळूं लागले होते. त्यांत वकील होते, न्यायाधीश होते, वैद्य होते, व्यापारी होते. ते पैजा लावीत, आणि खेळ संपल्यावर खाणावळींत जाऊन जेवण व मद्य यांचा समाचार घेत. त्या मैदानावर गली होत्या अवघ्या पांच. थॉमस मॅथिसन नांवाच्या एका तरुणानें १७४३ सालीं या मंडळींच्या खेळावर वीररसाची थट्टा करणारें एक काव्य छापलें. गोल्फवर स्वतंत्रपणें छापलेलें पहिलें पुस्तक तें हेंच.

दुसऱ्याच वर्षीं या मंडळींनीं एडिंबरोच्या नगरसभेकडे बक्षीस मागितलें, आणि ७ मार्च १७४४ रोजीं सभेनें चांदीची एक काठी देऊं केली. अटी ठरल्या त्या अशा: स्पर्धा दरवर्षीं व्हावी, खेळणारानें पांच शिलिंग भरावे, स्पर्धेपूर्वीं नगारा वाजवीत काठी शहरांतून मिरवावी, जो जिंकेल त्यास 'गोल्फचा कॅप्टन' म्हणावें, त्यानें काठीला आपल्या नांवाचा चांदीचा चेंडू लावावा, आणि वर्षभर खेळाविषयीं जे तंटे उपस्थित होतील त्यांचा निवाडा करावा. बोलावणें साऱ्या ब्रिटन व आयर्लंडला होतें. प्रत्यक्षांत नांवें दिलीं बाराजणांनीं आणि खेळले दहा. सारे गांवचे, सारे एकमेकांच्या ओळखीचे. म्हणजे पुण्याच्या त्या पंधरा-सोळा इंजिनियरांच्या रविवाराहून ही पहिली स्पर्धा कांहीं मोठी नव्हती. ती जिंकली जॉन रॅट्रे नांवाच्या शस्त्रवैद्यानें.

या स्पर्धेसाठीं मंडळींनीं तेरा नियम लिहून काढले, आणि त्यांखालीं कॅप्टन या नात्यानें रॅट्रेची सही आहे. गोल्फचे लेखी नियम म्हणून याहून जुने कांहीं उपलब्ध नाहीं. नियम अगदीं घरगुती आहेत. गलीपासून एका काठीच्या अंतराच्या आंत चेंडू मांडावा. चेंडूपुढचे दगड अगर हाडकें उचलूं नयेत. चेंडू पाण्यांत किंवा घाणींत गेला तर बाहेर काढावा, पण प्रतिपक्षास एक टोला द्यावा. माणूस, घोडा, कुत्रा यांपैकी कोणीं चेंडू अडविला तर तो जेथें थांबला तेथूनच खेळावा. टोल्यासाठीं खालीं आणलेली काठी मोडली तरी टोला मोजावा. घोडीं व कुत्रीं मोकाट हिंडत असलेलें तें कुरण या ओळींतून डोळ्यांपुढें उभें राहतें. या तेरा नियमांत चेंडूची, काठीची, कुत्र्याची तरतूद आहे. परंतु टोले चोरणाऱ्या गड्याचें काय करावें, याविषयीं एक अक्षरहि नाहीं. मंडळी भाबडी होती म्हणून नव्हे. त्यांत कायदेपंडित होते, आणि माणूस काय करतो हें त्यांना कोर्टांत रोज दिसत होतें. पण ज्याच्याबरोबर संध्याकाळीं जेवावयाचें आणि पुढल्या वर्षीं पुन्हां खेळावयाचें, त्याच्याशीं लबाडी करणारा गडी मंडळाबाहेर आपोआप पडतो, हें त्यांना ठाऊक होतें. भाच्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे. तें खूळ आलें तें वार्षिक मैत्रींतून.

मात्र गोडीगुलाबीच्या दिवसांतल्या मैत्रीची परीक्षा होत नाहीं. ती पुढें एका वर्षानें झाली.

१७४५ सालीं रॅट्रेनें चांदीची काठी दुसऱ्यांदां जिंकली. मराठी वाचकास हें साल दुसऱ्या कारणानें परिचित आहे. ज्या शिंदे घराण्याचा वाडा श्रीगोंद्यास उभा आहे त्याचे मूळपुरुष राणोजी याच वर्षीं माळव्यांत वारले. राणोजी गेले त्याच सुमारास स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पदच्युत स्टुअर्ट राजकुळांतील राजपुत्र चार्ल्स एडवर्ड मूठभर अनुयायी घेऊन उतरला, आणि लंडनच्या गादीवरील जॉर्ज राजाविरुद्ध त्यानें बंडाचें निशाण उभारलें. सप्टेंबरांत एडिंबरो त्याच्या हातीं पडलें. २१ सप्टेंबरला जवळच प्रेस्टनपॅन्स येथें लढाई झाली, तेव्हां जखमींच्या शुश्रूषेसाठीं शस्त्रवैद्यांस बोलावणें गेलें. रॅट्रे हा एपिस्कोपल पंथाच्या एका बिशपाचा मुलगा, आणि त्या पंथाचा ओढा स्टुअर्टांकडे. तो गेला, आणि मग राजपुत्राबरोबरच राहिला. फौज इंग्लंडांत डर्बीपर्यंत गेली, परतली, आणि अखेर १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर तिचा चुराडा झाला. त्यानंतर सेनापति कंबरलंडच्या ड्यूकनें पराभूतांची जी कत्तल करविली तिनें त्याचें नांव 'खाटीक' असें पडलें तें कायमचें.

रॅट्रे इन्व्हर्नेस येथें शरण आला. बंडखोर राजपुत्राच्या खास वैद्याची गति काय होणार हें उघड होतें. त्या वेळीं त्याच्यासाठीं रदबदली केली डंकन फोर्ब्स यानें. हा स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयाचा अध्यक्ष, आणि राजा जॉर्जचा कट्टर पक्षपाती. डोंगरी टोळ्यांच्या कित्येक सरदारांना बंडांत सामील होण्यापासून यानेंच थोपविलें होतें. त्यापायीं पदरचा पैसा खर्चिला होता. ज्या कलोडनच्या नांवानें ती लढाई ओळखली जाते ती त्याची स्वतःची वतनी जागा, आणि लढाईपूर्वीं राजपुत्राचा मुक्काम पडला होता तो फोर्ब्सच्याच घरांत. म्हणजे राग धरावयाचा तर त्याला सर्वांहून अधिक कारण होतें. पण हा फोर्ब्सहि लीथच्या कुरणावर खेळणाऱ्यांपैकीच एक. त्याच्या शब्दाखातर रॅट्रेचा जीव वांचला. पुढें त्यास पुन्हां पकडून लंडनला नेलें, तरी १७४७ च्या जानेवारींत तो सुटला. त्याच वर्षाच्या अखेरीस फोर्ब्स वारला. सरकारसाठीं खर्चिलेला पैसा त्यास परत मिळाला नाहीं. आणि रॅट्रे? तो एडिंबरोस परतला, पुन्हां कुरणावर गेला, आणि १७५१ सालीं त्यानें चांदीची काठी तिसऱ्यांदां जिंकली. २०१९ सालीं लीथ येथें त्याचा पुतळा उभारण्यांत आला.

येथें इतिहासाच्या शिक्षकानें थोडा हात आंखडता घेतला पाहिजे. गोल्फनें रॅट्रेचे प्राण वांचविले, असें एका वाक्यांत म्हणणें आकर्षक आहे. पण फोर्ब्स इतर कैद्यांविषयींहि दया दाखवा म्हणून कंबरलंडजवळ बोलला होता, आणि त्याबद्दल त्याची हेटाळणी झाली होती. शिवाय रॅट्रेनें तलवार धरली नव्हती, पट्ट्या बांधल्या होत्या. तरीसुद्धां एवढें म्हणतां येईल: वर्षानुवर्षें ज्याला आपल्याविरुद्ध खेळतांना पाहिलें, ज्याचा हिशेब न तपासतां मान्य केला, त्याला केवळ 'बंडखोर' या एका शब्दांत कोंबणें फोर्ब्सला शक्य झालें नाहीं. विरोधी आणि शत्रु यांतील भेद पुस्तकांतून कळतो, पण अंगीं मुरतो तो अशा खेळांतून. हौशी खेळाचा समाजाला कांहीं उपयोग असेल तर तो हा. धंदेवाईक खेळाडूला उद्यांच्या भाकरीची चिंता असते. हौशी गड्याला पणास लावावयास स्वतःच्या अब्रूखेरीज कांहींच नसतें, म्हणून तो ती पणास लावावयास शिकतो.

हें सारें ऐकून भाचा खूष झाला. आपल्या एका टोल्याला पावणेतीनशें वर्षांची वंशावळ आहे असें कळल्यावर कोण खूष होणार नाहीं? पण नाण्याची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय उठणें आमच्या पेशाला शोभलें नसतें.

मित्रमंडळ म्हणजे एक वर्तुळ; आणि वर्तुळ काढलें कीं कोणी तरी बाहेर राहतोच. लीथच्याच मैदानाची एक आख्यायिका आहे. १६८२ च्या सुमारास यॉर्कचा ड्यूक, जो पुढें दुसरा जेम्स म्हणून गादीवर आला, तेथें दोन इंग्रज सरदारांविरुद्ध खेळला. जोडीदार म्हणून त्यानें निवडला तो जॉन पॅटर्सन नांवाचा मोची, कारण गांवांत त्याच्यासारखा टोला मारणारा दुसरा नव्हता. सामना जिंकला, आणि पैजेच्या पैशांतून पॅटर्सननें एडिंबरोंत घर बांधलें असें सांगतात. म्हणजे एके काळीं हें कुरण मोच्यालाहि मोकळें होतें. एडिंबरोजवळच्या मसलबरो येथील मंडळानें तर १८१० च्या डिसेंबरांत ठराव केला कीं, गांवच्या कोळणींपैकी नववर्षाच्या वार्षिक खेळांत जी सर्वांत सरस ठरेल तिला माशांची एक नवी पाटी आणि शाल बक्षीस द्यावी. पाटी डोईवर घेऊन बाजार करणाऱ्या आणि सणाच्या दिवशीं गोल्फ खेळणाऱ्या त्या बायका आमच्या डोळ्यांपुढें नेहमीं येतात.

पण एकोणिसाव्या शतकांत खेळ जसजसा प्रतिष्ठित झाला तसतशा 'हौशी' या शब्दाला भिंती उगवल्या. १८५८ सालीं सेंट अँड्रूज येथें हौशी गड्यांची जी मोठी स्पर्धा झाली ती रॉबर्ट चेंबर्स यानें जिंकली. ग्रंथप्रकाशनासाठीं आपल्याकडेहि विख्यात असलेल्या चेंबर्स घराण्यांतला हा. दोन वर्षांनीं, १७ ऑक्टोबर १८६० रोजीं, प्रेस्टविक येथें काठ्या करणारे, मैदान राखणारे अशा आठ धंदेवाईकांची स्पर्धा निराळी भरविली गेली, आणि विली पार्क ती जिंकला. वेगळें पान वाढलें तें असें. १८८५ सालीं हॉयलेक येथें हौशी स्पर्धा भरली तेव्हां डग्लस रोलंड नांवाच्या पाथरवटाचा अर्ज नाकारण्यांत आला, कारण आदल्या वर्षीं त्यानें रोख बक्षीस घेतलें होतें. त्याच गांवच्या जॉन बॉल या सुखवस्तु तरुणानेंहि लहानपणीं, १८७८ सालीं, असेंच लहानसें रोख बक्षीस घेतलें होतें. पण त्याच्यासाठीं नियमांत मुदतीची खिडकी ठेवण्यांत आली. पैसा घेणें हा दोष नव्हता. पैशाची गरज असणें हा दोष होता.

आपल्या देशांतहि हेंच झालें. कलकत्त्यास १८२९ सालीं व मुंबईस १८४२ सालीं इंग्रजांनीं गोल्फचीं मंडळें काढलीं. खेळणारे साहेब, आणि काठ्यांची पिशवी वाहणारा पोऱ्या, ज्याला कॅडी म्हणतात, तो आपला. साहेब व हिंदी गृहस्थ यांनीं बरोबरीनें सभासद व्हावें म्हणून मुंबईस लॉर्ड विलिंग्डनच्या नांवाचा क्लब निघावयास १९१८ साल उजाडलें, आणि तेथेंहि 'हिंदी' म्हणजे राजेरजवाडे व श्रीमंत. क्रिकेटची कथा याहून वेगळी नाहीं. पुण्यास पाळवणकर बाळू हा मैदानावर रूळ ओढी आणि साहेबांना सरावासाठीं तासन्‌तास गोलंदाजी करी. बॅट हातीं घेण्याची पाळी त्याच्यावर कोणी येऊं देत नसे. पुढें हिंदूंच्या संघानें त्याला घेतलें, तर मैदानावर तो गडी आणि चहाच्या वेळीं मात्र बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यांत चहा, कारण तो चांभार जातीचा. त्याच बाळूनें १९११ सालच्या विलायतेच्या दौऱ्यांत शंभराहून अधिक गडी बाद केले. श्रीगोंद्याचें जुनें नांव चांभारगोंदें. गोविंद नांवाच्या एका चांभार साधूवरून तें पडलें असें सांगतात. ज्या गांवानें आपल्या नांवांत चांभाराला आणि आपल्या समाधिस्थानांत मुसलमान संताला जागा दिली त्या गांवच्या ओट्यावर बसून ही हकीगत सांगतांना आम्हांस संकोच वाटला.

भिंती पडल्या, पण आंतून पडल्या नाहींत. १९१३ सालीं अमेरिकेंत फ्रान्सिस विमेट नांवाच्या वीस वर्षांच्या हौशी पोरानें खुल्या स्पर्धेंत इंग्लंडच्या दोन नामांकित धंदेवाईकांना हरविलें. तो स्वतः पूर्वींचा कॅडी, आणि त्या दिवशीं त्याच्या काठ्या वाहत होता तो दहा वर्षांचा मुलगा. आपल्या देशांत १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा दिल्लीच्या मैदानावरचा कॅडी. त्याच्यापूर्वीं ती स्पर्धा जिंकणारा एकच हिंदी गडी होऊन गेला होता, बिलू सेठी, १९६५ सालीं, आणि तो मात्र हौशी. कलकत्त्याच्या मैदानावरील माळ्याचा मुलगा शिवशंकरप्रसाद चौरसिया यानें २००८ सालीं दिल्लीस मोठमोठे परदेशी खेळाडू मागें टाकले. आज 'हौशी' व 'धंदेवाईक' यांच्यांत कोणी सोंवळें-ओंवळें पाळीत नाहीं. तरीहि रविवारच्या मित्रमंडळाचें वर्तुळ बहुधा जुन्याच जागीं असतें.

येथवर सांगून झालें तेव्हां रात्र बरीच झाली होती. पोरें कधींच घरोघर गेलीं होतीं. आम्ही सहज विचारलें, "तुझ्या काठ्यांची पिशवी कोणीं वाहिली?"

"एक पोरगा असतो तेथें. दर खेपेला तोच येतो माझ्याबरोबर."

"चेंडू सरकला तेव्हां तो कोठें होता?"

भाचा उत्तर द्यावयास निघाला आणि थांबला. मग म्हणाला, "माझ्या मागेंच उभा होता. चार हातांवर."

"मग कोणीं पाहिलें नव्हतें असें कसें म्हणालास?"

तो बराच वेळ बोलला नाहीं. आमचा भाचा भला मुलगा आहे. ज्या टोल्याला साक्षीदार नाहीं असें त्याला मनापासून वाटलें तोहि त्यानें प्रामाणिकपणें धरला, आणि त्याचें मोल या नव्या माहितीनें कमी होत नाहीं. पण साक्षीदार होता. मित्रांच्या हिशेबांत तो धरलेला नव्हता, इतकेंच. लीथच्या त्या चांदीच्या काठीला विजेत्यांच्या नांवाचे चेंडू लागले. काठ्या वाहणाऱ्यांपैकी यॉर्कच्या ड्यूकबरोबर मैदानावर हिंडणाऱ्या अँड्र्यू डिक्सनचें नांव इतिहासानें राखलें, तें तो पुढें काठ्या घडविणारा नामांकित कारागीर झाला म्हणून. बाकीच्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या साहेबांचे, गृहस्थांचे, न्यायाधीशांचे टोले पाहिले, मोजले, आणि ते गप्प राहिले. या खेळांत खेळणारावर कोणाची नजर नसते, ही समजूतच मुळीं अर्धवट आहे. नजर असते, तिला मत नसतें.

"मामा," भाचा शेवटीं म्हणाला, "त्या पोराचें नांव मला ठाऊक नाहीं."

आम्ही कांहीं बोललों नाहीं. सकाळीं पुण्याची गाडी गांठावयाची म्हणून तो उठला. पुढली स्पर्धा यावयास अजून बराच अवकाश आहे. त्या पोराला नांव विचारण्यास मात्र एक रविवार पुरेसा आहे.